सेकंदाला चोवीस

मावशीकडे नवा टीव्ही आलाय, 55 इंची. दुपारची जेवणं झाल्यावर तिने एक जुना कृष्णधवल मराठी सिनेमा लावला आणि मला बसवेना. चित्र स्वच्छ होतं, नको इतकं स्वच्छ. नायिका तुळशीला पाणी घालत होती, तर वाटावं की पलीकडच्या सोसायटीत कुणाचं तरी शूटिंग चाललंय. वाडा पुठ्ठ्याचा दिसत होता. नायकाची मिशी चिकटवलेली होती, हे तर मला कधीच कळायला नको होतं.

"किती छान दिसतंय बघ," मावशी म्हणाली.

करामत टीव्हीची. मूकपटांच्या काळी कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवत. वेग थोडा मागेपुढे झाला तरी डोळा चालवून घेई, पण आवाजाला ते चालेना. म्हणून बोलपट आले तसा, 1920 च्या दशकाच्या अखेरीस, सिनेमा सेकंदाला 24 चित्रांवर स्थिरावला. आवाज नीट यावा आणि महागडी फिल्म फार जळू नये, एवढाच त्यामागचा व्यवहार. हलणारा हात त्यात जरासा पुसट उमटतो. नवा टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये आपल्या पदरची चित्रं घालतो: हात आधी इथे होता, मग तिथे गेला, म्हणजे मध्ये तो असा असणार. पूर्ण जोरात लावलं तर दिसतं त्यातलं निम्म्याहून अधिक कॅमेऱ्याने कधी पाहिलेलंच नसतं.

पण खोट्या चित्रांवर सगळं खापर फोडता येत नाही. 2012 मध्ये पीटर जॅक्सनने 'द हॉबिट' खरोखरच सेकंदाला 48 चित्रांनी काढला. सगळी चित्रं अस्सल, तरी सेट सेटसारखा दिसतो म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. तेव्हा खुपतं ते गुळगुळीतपणच.

लहानपणी दूरदर्शनवर हे आम्हाला न शिकवता कळायचं. स्टुडिओतली नाटकं व्हिडिओवर, सेकंदाला 50 वेळा बदलणारी. शनिवारचा मराठी सिनेमा फिल्मवरचा. स्वयंपाकघराच्या दारातून एक नजर टाकली की पुरे, नाटक आहे की सिनेमा ते समजायचं. नाटकातली माणसं खोलीत असायची. सिनेमातली कुठेतरी लांब.

त्याहून लांब असायची ती गणपतीतल्या सिनेमातली. रस्त्याच्या मधोमध पांढरा पडदा बांधायचे आणि दोन्ही बाजूंनी माणसं बसायची. आम्ही पोरं नेहमी उशिरा, म्हणून उलट्या बाजूला. नावं उलटी, घड्याळ नायकाच्या उजव्या हातात, झाडून सगळे डावखुरे. वारा आला की नायिकेच्या गालाला सुरकुती पडायची. रीळ बदलेपर्यंत काळोखात दाणे खायचे. मागे प्रोजेक्टरची ती खर्रर्र सतत चालू, आणि चित्राला एक बारीक थरथर. त्या थरथरीपलीकडे जे चाललंय ते आपल्या आळीत घडणं शक्य नाही, याची इतकी खात्री असायची की मारामारीत कुणी मेलं तरी आम्ही निर्धास्त.

आता कुणाकडे गेलो की मी रिमोट मागतो. "जरा आवाज कमी करतो" म्हणत सेटिंगमध्ये शिरायचं. कंपनीगणिक नाव वेगळं, त्यामुळे शोधाशोध होते आणि चहा निवतो. 2018 च्या डिसेंबरात टॉम क्रूझनेही एक व्हिडिओ काढून जगाला विनवलं होतं, घरी सिनेमा बघताना हे बंद करा म्हणून. त्याचं कुणी ऐकलं असेल तर असो. मावशीने माझ्या देखत पुन्हा चालू केलं. "चष्म्याचा नंबर तपासून घे," वर हेही.

एका बाबतीत मात्र माझा मलाच पत्ता लागत नाही. भावाच्या मुंजीची व्हीएचएस कॅसेट आहे. तिच्यातही तोच व्हिडिओचा गुळगुळीतपणा. आजोबा त्यात पंगतीत वाढताना दिसतात, मध्येच कॅमेऱ्याकडे वळून "तुझं जेवण झालं का रे?" म्हणतात. थरथर नाही, पुसटपणा नाही. आजोबा सरळ खोलीतच. ते जाऊन बरीच वर्षं झाली. कॅसेट मी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलीय, लावलेली नाही.