तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेवरच का बोलता?

"जगात इतके देश मारामाऱ्या करतायत आणि तुम्हाला बॉम्ब फक्त अमेरिकेचेच दिसतात का हो?" हे मला इतक्यांदा ऐकावं लागलंय की आता एकदा नीट बसून उत्तर देतो.

प्रश्नात तथ्य आहे, आधी ते मान्य करतो. इराकवर घसा कोरडा करायचा आणि फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर सैन्य घातलं की "दोन्ही बाजू बघा" म्हणायचं, ही सरळ सरळ गटबाजी झाली, नीती वगैरे काही नाही. युक्रेनमधल्या बुचा गावात रस्त्यावर मरून पडलेल्या माणसांबद्दल मी बोललोय, यापुढेही बोलेन. फूटपट्टी एकच पाहिजे.

पण ती लावायची कोणी? ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत गिळला तेव्हा चार दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने निर्बंध लादले. 2003 मध्ये परिषदेची मंजुरी न घेता अमेरिका आणि तिच्या साथीदारांनी इराकवर हल्ला केला, ज्या महासंहारक शस्त्रांसाठी केला ती सापडलीच नाहीत, आणि हल्ला करणाऱ्यांवर निर्बंध? शून्य, कारण व्हेटो, म्हणजे परिषदेचा ठराव अडवायचा अधिकार, त्यांच्याच हातात. आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टाचं म्हणाल तर अमेरिका त्याची सदस्य नाही (रशिया, चीनही नाहीत), आणि अफगाणिस्तानातल्या चौकशीवरून 2020 मध्ये त्या कोर्टाच्या मुख्य वकिलावरच अमेरिकेने निर्बंध घातले. म्हणजे चौकशी करणाऱ्यालाच दम. मग विचारणार कोण, तर तुम्ही-आम्ही. बलाढ्य देशाबद्दल जास्त बोलावं लागतं ते यासाठी.

आणि बोलून काय होतं म्हणता, तर 29 ऑगस्ट 2021 चं काबूल बघा. एका मदत संस्थेत काम करणारा माणूस, पांढरी कोरोला, त्याच्या भागात पाणी येईनासं झालेलं म्हणून ऑफिसमध्ये पाइप लावून प्लास्टिकचे कॅन भरतो आणि डिकीत टाकून घरी नेतो. वरून अमेरिकन ड्रोनवाल्यांना ती स्फोटकं वाटतात. गाडी अंगणात शिरते आणि मिसाइल पडतं. दहा जण गेले, त्यातली सात लहान मुलं. सैन्याचे सर्वोच्च अधिकारी आधी म्हणाले की हल्ला योग्यच होता. मग पत्रकारांनी ऑफिसच्या कॅमेऱ्याचं फुटेज काढलं, त्यात तो माणूस पाणी भरताना दिसतोय, आणि 17 सप्टेंबरला पेंटागॉनला, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याला, चूक कबूल करावी लागली. शिक्षा कुणालाच झाली नाही, हे आजही माझ्या घशाखाली उतरत नाही. पण कुणी खोदलंच नसतं तर सरकारी कागदावर तो दहशतवादीच राहिला असता, आणि त्या मुलांचा हिशोब कुणी मागितला नसता.

म्हणूनच बोलणाऱ्यावरही जबाबदारी येते. एकदा मी एका हल्ल्याचा म्हणून फोटो पुढे पाठवला, रागाच्या भरात, आणि दोन दिवसांनी कळलं की तो भलत्याच देशातला, कित्येक वर्षांपूर्वीचा आहे. ज्यांना ज्यांना पाठवला होता त्या प्रत्येकाला मी परत मेसेज करून चूक सांगितली, पण तोवर खऱ्या मेलेल्या माणसांवरही लोक शंका घ्यायला लागले होते. तेव्हापासून तारीख आणि जागा पक्की झाल्याशिवाय मी एक शब्द बोलत नाही.

राहिलं ते "तुम्ही सैनिकांचा अपमान करता". अहो, 16 मार्च 1968 ला व्हिएतनाममधल्या माय लाईमध्ये अमेरिकन सैनिक गावकऱ्यांना गोळ्या घालत होते, तेव्हा ह्यू थॉम्पसन नावाच्या अमेरिकन पायलटनेच आपलं हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्या मधोमध उतरवलं, स्वतःच्या साथीदारांना सांगितलं की आपल्या लोकांनी यांच्यावर गोळी चालवली तर तुम्ही त्यांच्यावर चालवा, आणि जेवढे वाचवता आले तेवढे वाचवले. अंगावर त्याच सैन्याचा गणवेश होता. परत येऊन वरिष्ठांना तक्रारही त्यानेच केली. पुढे संसदेतल्या एका बड्या सदस्याने शिक्षा करायचीच तर ती थॉम्पसनला करा असं म्हटलं. कत्तलीबद्दल दोषी ठरला तो एकच अधिकारी, जन्मठेप झाली, आणि साडेतीन वर्षांच्या आसपास, तीही बहुतेक घरच्या नजरकैदेत काढून सुटला. थॉम्पसनला त्या दिवसासाठी सैन्याने सोल्जर्स मेडल दिलं ते 1998 मध्ये, 30 वर्षांनी.