हलकी चाकं घेऊ का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले आहे. प्रश्न बहुतेक असाच येतो: "माझी सायकल रोड बाइक आहे, चाकं कंपनीचीच आहेत, जड वाटतात. हलकी घेऊ का, आणि घेतली तर कुठली?" आजवर याचं उत्तर मी उभ्या उभ्याच देत आले, आणि दर वेळी निम्मं सांगायचं राहून गेलं.

नवी चाकं बघण्याआधी जुनी काट्यावर ठेवा. मी एकदा रविवारभर हाच उद्योग केला. टायर उतरवले, ट्यूब काढल्या, सगळं जमिनीवर मांडलं आणि एकेक वस्तू काट्यावर घेतली. दोन्ही चाकं मिळून १,८५० ग्रॅम भरली. काठात तार असलेला टायर ३८० ग्रॅमचा, साधी ट्यूब ११५ ग्रॅमची. म्हणजे दोन टायर आणि दोन ट्यूब मिळून ९९० ग्रॅम. म्हणजे चाकांच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भार वरच्या रबराचाच होता, आणि त्याबद्दल मला आजवर कोणी विचारलेलं नाही. मग घडी होणारे २५० ग्रॅमचे टायर आणले, त्यांत ४० ग्रॅमच्या टीपीयूच्या, म्हणजे पातळ लवचीक प्लॅस्टिकच्या, ट्यूब घातल्या. रबराचं वजन ९९० वरून ५८० वर आलं. ४१० ग्रॅम गेले, तेही अगदी बाहेरच्या कडेचे, आणि चाकं अजून तीच होती.

बाहेरच्या कडेचे असं मुद्दाम म्हणते आहे. सायकल वेग घेते तेव्हा रिमवरचा, म्हणजे चाकाच्या बाहेरच्या कड्यावरचा, आणि टायरमधला प्रत्येक ग्रॅम दोन कामं करतो. सायकलबरोबर पुढेही जातो आणि चाकाबरोबर गोलही फिरतो. त्यामुळे वेग वाढवताना त्याचा भार जवळजवळ दुप्पट मोजावा लागतो. हब मात्र चाकाच्या मध्यावर असतो. त्याच्या फिरण्याला लागणारी ताकद इतकी कमी की धरली नाही तरी चालेल. म्हणून १,५०० ग्रॅमच्या दोन जोड्या समोर आल्या, तर हलकी रिम आणि थोडा वजनदार पण भक्कम बेअरिंगचा हब असलेली जोडी घ्या. जाहिरातीत जोडीचं एकूण वजन छापतात, रिमचं वेगळं छापतातच असं नाही. ते मागून घ्या. आणि त्या एकूण वजनात रिम टेप, व्हॉल्व्ह बहुतेक वेळा धरलेले नसतात, तेही विचारा.

आता तुम्हाला न आवडणारा हिशेब. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो, आणि तासाभराचा एकसारखा चढ. चाकांत ४०० ग्रॅम वाचवले म्हणजे अर्धा टक्का. तासाभरात १५ ते १८ सेकंद. चढावर एका लयीत जात असताना दुपटीचा नियम चालत नाही, तिथे ग्रॅम तो ग्रॅम, चाकात असो की पाण्याच्या बाटलीत. सपाटीवर ताशी २० वरून ३० च्या वेगाला जाताना दुप्पट धरलं तरी ८० किलोतले ८०० ग्रॅम, म्हणजे १ टक्का.

मग हलकी चाकं लावल्यावर सायकल इतकी वेगळी का वाटते? वाटते, हे मी शपथेवर सांगेन. सॅडलवरून उठून पेडल मारताना सायकल डावी-उजवीकडे झुलते, तेव्हा फिरतं चाक त्या झुलण्याला विरोध करतं. कडेचं वजन कमी झालं की तो विरोध कमी होतो आणि सायकल हाताखाली मोकळी होते. वळणातून बाहेर पडून पुन्हा जोर लावताना हेच जाणवतं. या सुखासाठी चाकं घ्यायला माझी हरकत नाही, मी स्वतः घेतली आहेत. फक्त घड्याळाकडून मोठ्या अपेक्षा ठेवू नका.

सपाटीवर तर वजनापेक्षा हवा महत्त्वाची. ताशी ३० च्या पुढे तुमची बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते, आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. तिथे २५ मिलिमीटर उंचीच्या हलक्या रिमपेक्षा ४० मिलिमीटरची, शंभरेक ग्रॅम जड रिम सरस ठरते. व्यावसायिक शर्यतींत सायकल ६.८ किलोहून हलकी असायला बंदी आहे. हा नियम २००० सालापासूनचा. सायकल त्या मर्यादेला टेकली की आणखी ग्रॅम काढून उपयोग नसतो, म्हणून डोंगराळ टप्प्यांतही उंच रिमची चाकं दिसतात. मात्र तुमचं वजन ५५ किलो असेल आणि रस्त्यावर आडवा वारा असेल, तर ५० च्या वरच्या रिमच्या वाटेला जाऊ नका. पुढचं चाक हातातून ओढलं जातं.

आता स्पोक. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण हलक्या चाकांचा सगळा सौदा इथेच होतो.

माझी पहिली हलकी जोडी १,३०० ग्रॅमच्या आतली होती. मागच्या चाकाला २० स्पोक. घरापासून साठेक किलोमीटरवर, साध्या सपाट रस्त्यावर, ना खड्डा ना दगड, 'टण्' असा आवाज आला. लगेच मागचा ब्रेक दर फेरीला एकदा घासायला लागला. उतरून पाहिलं तर डाव्या बाजूचा एक स्पोक हबपाशी, मानेतच तुटला होता. २० मधला एक गेला तरी चाकाला इतका आऊट आला, म्हणजे ते डावी-उजवीकडे इतकं डुलायला लागलं, की रिम ब्रेकच्या शूला टेकत होती. ब्रेकची कळ उघडी ठेवून, फक्त पुढच्या ब्रेकवर, जीव मुठीत धरून परत आले. पुढची अडचण अशी की त्या चाकाचा स्पोक खास घडणीचा होता. त्या लांबीचा, त्या डोक्याचा दुसरा कुठेच मिळेना. चाक दोन महिने भिंतीला टांगलेलं राहिलं.

स्पोक तुटला कसा? चाक फिरताना प्रत्येक स्पोक जमिनीकडे आला की क्षणभर सैलावतो आणि वर गेला की पुन्हा ताणला जातो. किलोमीटरला साधारण पावणेपाचशे फेऱ्या होतात. पाच हजार किलोमीटर म्हणजे २३ लाखांहून जास्त वेळा सैल-ताठ, सैल-ताठ. तार वाकवावाकवी करून तोडतात तसा धातू मानेपाशी थकतो. मागच्या चाकात उजवीकडे गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, असल्यामुळे त्या बाजूचे स्पोक उभे आणि कडक ताणलेले असतात. डावीकडचा ताण बहुतेक वेळा जेमतेम निम्मा. जो कमी ताणलेला तोच पुरता सैलावतो आणि आधी तुटतो. स्पोक जितके कमी, तितका प्रत्येकाचा हेलकावा मोठा.

आणि हे कशासाठी? चार जास्तीचे स्पोक, त्यांना रिमशी कसणाऱ्या छोट्या नटांसकट, म्हणजे निपलसकट, ३० ग्रॅमच्या आत येतात, तेही अर्धे मध्याकडचे. एवढ्यासाठी चाकाचा भरवसा घालवू नका. वजन ७० च्या आसपास असेल तर मागे २४, ८० च्या पुढे असेल तर मागे २८, हे माझं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे. चाकाची वजनमर्यादा वाचताना ती फक्त तुमची आहे की सायकल, बाटल्या, पिशवी धरून आहे, हे नीट बघा. स्पोक मध्ये बारीक आणि टोकांना जाड, म्हणजे बटेड, असू द्या. बारीक मधला भाग थोडा ताणला जाऊन मानेवरचा ताण स्वतःकडे घेतो. त्यामुळे हे स्पोक साध्या स्पोकपेक्षा हलकेही असतात आणि जास्त टिकतात. चाकात असा दुहेरी फायदा मला दुसरीकडे कुठे सापडला नाही. निपल पितळेचे घ्या. ॲल्युमिनियमचे निपल जोडीमागे तीसेक ग्रॅम वाचवतात आणि दमट, खाऱ्या हवेत धरून बसतात. मग आऊट काढायला गेलं की किल्लीखाली गोल होतात.

रिम ब्रेक, म्हणजे रिमवरच घासणारे ब्रेक, असतील तर आणखी एक पाहायचं. ॲल्युमिनियमची रिम ब्रेकने झिजत जाते आणि हलक्या रिमची भिंत मुळातच पातळ. बोट फिरवलं की झीज कळते, पृष्ठभाग सरळ न लागता आत खोलगट लागतो. बऱ्याच रिमवर झिजेची खूण म्हणून छोटा खळगा किंवा चर असते. ती नाहीशी झाली की रिम संपली. कार्बनच्या रिमला लांब उतारावर तापण्याचा धोका असतो, म्हणून ब्रेक शू कार्बनसाठीचेच हवेत. आणि उतारावर ब्रेक धरून बसू नका, दाबा, सोडा, दाबा. टीपीयूची ट्यूब रिम ब्रेकला चालते का हेही पाकिटावर वाचा, सगळ्या चालत नाहीत. डिस्क ब्रेक असतील तर यातलं काहीच तुमच्या डोक्याला नको.

मापं पटकन सांगते. ॲक्सल (चाकाचा मधला दांडा), फ्रीहब (कॅसेट बसते तो हबचा भाग) आणि डिस्कची बैठक तुमच्या सायकलशी जुळायला हवी. रिमची आतली रुंदी २८ मिलिमीटरच्या टायरला १९ ते २१ मिलिमीटर उत्तम, पण रुंद रिमवर टायर फुगतो, तेव्हा फ्रेममध्ये जागा आहे का ते मोजा. टायरची कड धरायला आत हूक नसलेल्या रिमवर हवा ५ बारच्या, म्हणजे ७२.५ पीएसआयच्या वर भरायची नाही, आणि टायरही तिला चालणाराच हवा.

म्हणजे माझा क्रम असा. आधी टायर आणि ट्यूब. त्यावर दोन महिने चालवा. तरीही मन चाकांकडे ओढलं, तर १,४५० ते १,५५० ग्रॅमची, खास घडणीचे नसलेल्या, सहज मिळणाऱ्या स्पोकांची जोडी बघा.

नवी चाकं आली की टायर चढवण्याआधी मांडीवर घेऊन एकाच बाजूचे स्पोक बोटानं एकेक छेडा. सूर सगळीकडे जवळपास एकच यायला हवा. एखादा मध्येच 'ठप्प' वाजला, तर चाक तसंच परत घेऊन जा. सूर जुळले तर जोडून चालवा, आणि दोनतीनशे किलोमीटर झाले की पुन्हा एकदा ऐका.