लोणार: वरून बघून परत फिरू नका

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, म्हणजे खारपाणपट्ट्याच्या ऐन पोटातलं. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, चहा फाटतो आणि उन्हाळ्यात शेताच्या बांधावर पांढरी पापडी धरते. त्यामुळे जानेवारीत लोणारचं खारं सरोवर बघायला जायचं ठरल्यावर मोठ्या बाबांना विचारलं, तर त्यांनी पेपरातून मानही वर केली नाही.

“खारं पाणी पाह्याले पैसे खर्चून जाता काय बे? आपल्या इहिरीत डोकावून पाह्य.”

तरी आले. कारण सरोवराच्या काठी कमळजा देवीचं देऊळ आहे, हे मोठ्या आईनं त्यांच्या कानावर घातलं होतं. हळदीकुंकवाची पुडी, नारळ आणि दशम्या तिनंच बांधून दिल्या. ती पुडी पुढे भलत्याच कामी आली, ते ओघात सांगतोच.

आम्ही अकोल्याहून पातूर, मालेगाव, मेहकर असे गाडीने गेलो. पातूरचा घाट चढला की काळी सपाट जमीन मागे पडते आणि मुरमाड माळ सुरू होतात. समृद्धी महामार्गाने येणाऱ्यांनी मेहकरला उतरावं, तिथून लोणार पंचवीसेक किलोमीटर. रेल्वेने येणाऱ्यांना जालना बरं, पण पुढे ऐंशी-नव्वद किलोमीटर रस्त्याचा प्रवास उरतोच. मेहकरहून एसटी मिळते. मात्र एसटीने येणाऱ्यांनी आदल्या दिवशी संध्याकाळीच लोणार गाठावं, सकाळच्या गाडीवर भिस्त ठेवू नये. सात वाजता तुम्ही वाटेतच असाल तर निम्मी मजा गेली म्हणून समजा. मुक्कामाला पर्यटन महामंडळाचं निवास आहे, गावात साधे लॉजही आहेत. शनिवार-रविवारी खोली आधी सांगून ठेवा. आम्ही ठेवली नव्हती, त्यामुळे डासांच्या सोबतीने जी रात्र काढली तिची हकीकत इथे नको.

लोणारला येणाऱ्या दहातली आठ माणसं कड्यावर उभी राहतात, गोल तळं बघतात, फोटो काढतात, चिप्सचं पाकीट तिथेच टाकतात आणि वेरूळच्या वाटेला लागतात. वरून दिसतं ते सुंदरच आहे, नाही म्हणत नाही. काळ्या पाषाणात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाची, जवळपास दीडशे मीटर खोल वाटी, तिच्या उतारावर रान आणि तळाशी हिरवट पाणी. पण वरून जे दिसतं ते फोटोतही दिसतं. बघण्यासारखं सगळं खाली, पाण्याच्या काठावर आहे. समुद्र इथून जवळपास चारशे किलोमीटर दूर. तरीही खाडीकाठी जशी चिखलाची, क्षाराची आणि पाणपक्ष्यांची एक वेगळी दुनिया असते, तशी दुनिया इथे आपल्या बुलडाणा जिल्ह्यात खड्ड्याच्या तळाशी बसली आहे.

हा खड्डा ज्वालामुखीचा नाही, उल्केच्या आघाताचा आहे. इथल्या दगडांत मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. प्रचंड धक्का बसल्याशिवाय ती तयार होत नाही. १९७३ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि वाद बराचसा मिटला. वय मात्र अजून दोन प्रकारे सांगितलं जातं. आम्हाला भेटलेल्या वाटाड्याने पन्नास हजार वर्षं सांगितली, तो जुना अंदाज. पुढे दगडातल्या आर्गॉन वायूवरून मोजलेलं वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. वाटाड्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, “तुमच्या हिशोबानं जुनं, आमच्या हिशोबानं पुराणं.” बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या या काळ्या पाषाणात, आघाताने झालेली अशी विवरं पृथ्वीवर फारच थोडी आहेत. चंद्रावरही असाच पाषाण आहे, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारेही इथे येतात. उतरताना वाटेत काही दगडांना लोहचुंबक चिकटतं. मुलं बरोबर असतील तर एक चुंबक जरूर न्या.

आम्ही धारेच्या बाजूने उतरलो. धार म्हणजे गोमुखातून बारमाही पडणारं गोडं पाणी. तिथे पहाटेपासून आंघोळीला माणसं असतात, जुन्या देवळांच्या ओळीत कपडे वाळत असतात. पायऱ्या संपल्या की रान सुरू होतं. वर साग आणि सीताफळ, खाली चिंचा, मधूनमधून शिंदीची झाडं आणि पाण्याजवळ बाभूळ. बाभळीतही वेडी बाभूळ इतकी माजली आहे की कितीदा तोडली तरी पुन्हा फुटते. वानरांची टोळी चिंचेवर होती. मोठ्या बाबांच्या हातातल्या नारळाकडे एका हुप्प्याने असं काही पाहिलं की बाबांनी तो सदऱ्याच्या आत घातला. पिशवी हातात लोंबती ठेवू नका, पाठीवर घ्या, आणि वानरांना काही देऊ नका. आधीच्या लोकांनी दिलं त्याचा हा परिणाम आहे.

झाडी संपली आणि नाकात वास शिरला. सडक्या अंड्यासारखा, जुन्या गटारासारखा, पण सारखा येत नाही, वाऱ्याच्या झुळकीबरोबर येतो. दहा मिनिटांनी नाक सरावतं. पुढे पाण्यापर्यंत वीस-तीस पावलांचा उघडा पट्टा आहे. वर पांढरी खपली, खाली काळाशार चिखल. खपली कोरडी दिसते म्हणून मी त्यावर पाय टाकला आणि घोट्यापर्यंत आत गेलो. पाय निघाला, चप्पल राहिली. तेव्हा सांगतो, पट्ट्याचा बूट घाला आणि दगड दिसेल तिथूनच पाण्याजवळ जा. पांढरं आणि गुळगुळीत दिसेल त्यावर अजिबात विसंबू नका.

मोठे बाबा मात्र त्या खपलीजवळ उकिडवे बसले. नखाने एक तुकडा उचलला, बोटांत चुरला, जिभेच्या टोकाला लावला आणि थुंकले.

“हे आपलं मीठ नोहे. हा सोडा हाय. पापडखाराची जात.”

बरोबर होतं त्यांचं. या पाण्यात मीठ आहेच, पण धुण्याच्या सोड्याचा अंशही मोठा आहे. पाण्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास असतो, म्हणजे पाणी चांगलंच अल्कधर्मी. बोटं बुडवून चोळली की साबण लावल्यासारखी बुळबुळीत होतात. पाणी इथे येतं पावसाचं, धारेचं आणि झऱ्यांचं, म्हणजे गोडंच. पण वाटीला बाहेर जायला वाट नाही. पाणी फक्त उन्हाने वाफ होऊन जातं आणि दगडांतून सुटलेले क्षार मागे उरतात. हे हजारो वर्षं चाललेलं आटवण आहे, उसाचा रस काहिलीत आटवावा तसं. इथल्या क्षारांना लोकांनी प्रतवारीप्रमाणे दल्ला, खप्पल, पापडी, भुसकी अशी नावं दिली होती. काच आणि साबण यांसाठी लागणारा माल इथे मिळतो, अशी नोंद अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’तही आहे. गावाची दंतकथाही खारीच आहे: लवणासुर इथे भुयारात राहत होता आणि विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारलं. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ त्याचंच. कोरीव काम फार देखणं आहे, त्याला तासभर वेगळा ठेवा.

आता हळदीची पुडी. मोठ्या बाबांनी देवीसाठी पुडी सोडली होती. बोटाला हळद लागलेली, तेच बोट त्यांनी धुवायला पाण्यात बुडवलं. वर काढलं तर पिवळं बोट तांबडं झालेलं. बाबा दचकले, मला वाटलं दगड लागून रक्त आलं. मग लक्षात आलं, हळद अल्कधर्मी पाण्यात लाल होते. कुंकू करताना हळदीला चुना लावतात तेही यासाठीच. बाबांनी ते बोट तसंच कपाळाला लावलं आणि म्हणाले, “देवीनं कुकू घरीच ठेवलं हाय.” प्रयोग करायचा असेल तर चिमूटभर हळद कागदाला चोळून न्या, पाण्यात पूड टाकू नका.

अशा पाण्यात मासा नाही असंच सगळे सांगतात. मग पक्षी खातात काय? उत्तर काठावर वाकल्याशिवाय दिसत नाही. पाण्याचा हिरवा रंग शेवाळाचा नाही, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा आहे. स्पिरुलिना, जिच्या गोळ्या औषधाच्या दुकानात महाग मिळतात, ती इथे आपोआप वाढते. काठाच्या ओल्या चिखलावर बारीक काळ्या माश्यांचा थर बसलेला असतो. मी हात फिरवला की गालिचा उचलावा तसा तो वीतभर उठे आणि पुन्हा बसे. त्या माश्यांवर शेकाटे चरत होते. काळे पंख, पांढरं पोट आणि गुलाबी पाय इतके लांब की उधार आणल्यासारखे. एक शेकाट्या आमच्यापासून पंधरा पावलांवर होता. चोच सुईसारखी पाण्यात घाली, काढी, एक पाऊल टाके. पाऊल काढताना बोटं मिटून घेई, त्यामुळे चिखलातून आवाज येत नव्हता. माझी चप्पल तिथेच फुसकन आवाज करून गेली होती.

पण खरी गर्दी धारेचा ओहोळ जिथे सरोवराला मिळतो तिथे आहे. खारं आणि गोडं एकत्र येतं तो तुकडा जेमतेम अंगणाएवढा. तिथे गवत आहे, पाणी निवळ आहे आणि तासाभरात जे दिसलं ते बाकीच्या काठावर दिवसभरात दिसलं नसतं. टिबुकल्या बुडी मारत होत्या. धोबी शेपटी हलवत दगडांवर पळत होते. खंड्या बाभळीवर होता, टिटवी उगाचच ओरडत होती. पलीकडे चक्रवाकांची जोडी: नारिंगी अंग, फिकट डोकं. लडाख-तिबेटकडून हिवाळ्यात उतरणारे हे पाहुणे. वरच्या चिंचेत स्वर्गीय नर्तक दिसला, पांढरी शेपटी फितीसारखी सोडून. रोहित पक्षी मात्र दिसले नाहीत. ते कधीतरी येतात, त्यांच्या भरवशावर बेत करू नका. परतीच्या वाटेवर घोरपड आडवी गेली आणि चिखलात रोह्यांचे, म्हणजे नीलगाईंचे, ठसे होते. आपल्या शेतात हरभरा खाणारे तेच रोही, इथे मात्र बाबा कौतुकाने बघत होते.

म्हणून माझा सल्ला एवढाच की सरोवराला पूर्ण फेरी मारायच्या हट्टाला पेटू नका. खालची फेरी चारेक किलोमीटर होते, वाट मध्येच चिखलाने किंवा काट्यांनी तुटते, आणि पाणी वाढलेलं असेल तर काठच्या देवळांपर्यंतही जाता येत नाही. त्यापेक्षा ओहोळाच्या तोंडाशी दगडावर तासभर गप्प बसा. दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तरी चालतं. लाल-पिवळे कपडे नकोत, फोनवर गाणी तर मुळीच नकोत.

“गुलाबी तळं कुठाय?” असं विचारणारे तीन गट आम्हाला भेटले. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं होतं खरं. पाणी आटून खारेपणा वाढला, आणि मीठप्रिय सूक्ष्मजीव माजून त्यांचा रंग पाण्याला चढला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासून सांगितलं. पाऊस पडल्यावर रंग गेला. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, नांदूर मधमेश्वरनंतर राज्यातला दुसरा. दर्जा मिळाला तरी काळजी आहेच. गावाचं सांडपाणी उतारावरून खाली येतं, हा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जाऊन आला आहे. सांडपाणी काय किंवा धारेवरचा साबण काय, जातं तिथेच. ज्या वाटीतून काही बाहेर जात नाही, तिच्यात आपण टाकलेलंही बाहेर जात नाही. आंघोळ करायचीच असेल तर साबणाशिवाय करा.

वेळ सांगतो: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात रान हिरवंगार असतं, पण पायऱ्या निसरड्या होतात आणि पाहुणे पक्षी नसतात. मे महिन्यात खाली वारा लागत नाही, भट्टी असते. सकाळी साडेसहाला उतरायला लागा, दहाच्या आत वर चढा. माणशी दोन लिटर पाणी लागतंच, खाली काही विकत मिळत नाही. हे अभयारण्य आहे, म्हणून फाटकावर नोंद करा आणि दगड, क्षार, पाणी यांतलं काही घरी आणू नका. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी धारेपर्यंतच जावं. उतरणं सोपं वाटतं, चढताना दीडशे मीटरचा हिशोब कळतो. बाबा बाहत्तर वर्षांचे, चार ठिकाणी बसत चढले आणि प्रत्येक बैठकीत एक दशमी संपवली.

दुपारी गावाजवळच्या आडव्या मारुतीला गेलो. देव निजलेला आहे, दर्शनाला आपणच मान वाकडी करायची. जवळच अंबर तळं आहे, छोटं लोणार म्हणतात त्याला. फारसं पाणी नव्हतं, पाच मिनिटांत निघालो. वेळ असेल तर परतताना मेहकरचा शारंगधर बालाजी बघा, मूर्ती मोठी आणि घडण फार सुबक आहे. सिंदखेडराजाही फार लांब नाही, पण ते दुसऱ्या दिवसावर ठेवा.

मेहकरला एका हॉटेलात टेकलो. पोऱ्याने पाण्याचे पेले आणून आपटले. मोठ्या बाबांनी पेला उचलला, एक घोट तोंडात फिरवला, गिळला.

“गोड हाय,” म्हणाले. “आता चहा सांग.”