दोन कंदील

म्युनिकमध्ये नोव्हेंबरात पाच वाजायच्या आत अंधार. लेक आठवडाभर किंडरगार्टनमधून आली की बूट न काढताच दाराशी बसून राहायची आणि मी पण येडी, रोज तेच, आज कोण बोललं का, खेळलीस का, डबा संपवला का. आज ११ नोव्हेंबर, सांक्ट मार्टिन या संताच्या दिवसाची, मुलांची कंदील मिरवणूक. येताना मी काहीच विचारलं नाही, नुसती शेजारी बसून तिच्या बुटांची चेन काढत होते तर आपणहूनच म्हणाली, आई मला सांगायचं होतं की आपण पण दिवाळीत कंदील लावतो पण जर्मन शब्दच आठवेना, सगळे बघत बसले. मग रडली, पोटभर. आजीला फोन हवा होता पण तिकडे रात्रीचे साडेअकरा. आता तिचा कागदी कंदील खिडकीत आकाशकंदिलाशेजारी लटकतोय, काढायचा नाही म्हणे.