वेंगुर्ल्याएवढंच गाव, पॅसिफिकच्या काठावर

वेंगुर्ल्याची लोकसंख्या 12 हजारांच्या घरात, कॅलिफोर्नियातल्या सोलाना बीचची 13 हजारांच्या. सगळा पसारा साधारण 9 चौरस किलोमीटरचा. पण इकडे एवढ्याशा गावालाही 'सिटी' म्हणतात आणि त्याची स्वतंत्र नगरपालिका 1986 सालापासून आहे. सॅन डिएगोहून लोकलने उत्तरेला आलं की लागतं. मी तिथे राहत नाही हो. तिथलं भाडं परवडायला दुसरी नोकरी धरावी लागेल. मी आत, डोंगराच्या अंगाला राहते आणि सुट्टीत समुद्र बघायला तिकडे जाते.

मला या गावाचं कौतुक एका गोष्टीचं. वरून आदेश येईल, मग बघू, हा स्वभाव नाही. समुद्रकिनाऱ्यावर सिगारेट ओढायला 2003 साली बंदी घातली, तेव्हा कॅलिफोर्नियात दुसऱ्या कुठल्याच गावाने तसं केलं नव्हतं. 2012 मध्ये दुकानातल्या प्लास्टिक पिशव्या बंद केल्या, तेही जिल्ह्यात सगळ्यांच्या आधी. राज्यभर बंदी यायला 2016 चं मतदान व्हावं लागलं. (आपल्याकडे 2018 पासून बंदी आहे. बाजारातून बांगडे अजून कशातून घरी येतात ते मी सांगायला नको.) 2018 मध्ये तर पालिकेने गावासाठी वीजच स्वतः घाऊक घ्यायला सुरुवात केली. तारा, खांब, मीटर जुन्याच कंपनीचे. वीज कुठून घ्यायची, त्यात सौर आणि पवन किती, हे पालिका ठरवणार. पुढे एवढ्या लहान गावाला ते एकट्याने पेलण्यापेक्षा बरं म्हणून शेजारच्या गावांबरोबर एकत्र खरेदी सुरू झाली.

आपलं वेंगुर्लंही यात मागे नाही, हे मी इथल्या मित्रमंडळींना ठणकावून सांगते. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचरा डेपोचं पर्यटनस्थळ झालं, कचरा बारीक निवडून प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात गेलं. लहान पालिकेच्या हातात पुष्कळ असतं.

पण सोलाना बीचचं खरं दुखणं वाळूचं आहे, आणि तिथे पिशवीबंदीचा उत्साह उपयोगी पडत नाही. गाव उभं आहे ते ठिसूळ कड्यावर. खाली अरुंद पुळण, वर अगदी कडेला कोट्यवधींची घरं. पूर्वी वाळू दोन वाटांनी यायची: नदीतून आणि कडा झिजून. शेजारच्या सॅन डिएगिटो नदीवर 1918 साली धरण झालं, तिची वाळू वरच अडली. कडा ढासळून घरं जाऊ नयेत म्हणून पायथ्याशी सिमेंटच्या भिंती बांधल्या, म्हणजे दुसरी वाटही बुजली. घर राहतं, पुळण जाते. म्हणून भिंत बांधणाऱ्याकडून वाळूच्या नुकसानीची भरपाई घेतात. घरमालक आणि किनारा वाचवू पाहणारे यांची भांडणं कोर्टात वर्षानुवर्षं चालली. कड्यावरची घरं मागे घ्यायचा विषय काढला की पर्यावरणाच्या गप्पा मारणारी माणसंही एकदम गप्प होतात, असं माझं निरीक्षण.

रत्नागिरीजवळ समुद्र अडवायला घातलेला मिऱ्याचा बंधारा बघितलेल्यांना हे वेगळं समजावायला नको.

शेवटी 2024 साली अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने समुद्राच्या तळातून 5 लाख घनमीटरहून जास्त वाळू उपसून या किनाऱ्यावर पसरली. ही भर घालणं पुढची अनेक वर्षं अधूनमधून चालू ठेवायचं आहे, योजनाच 50 वर्षांची. फोनवर मावशीला सांगितलं तर म्हणाली, "दर्यातली वाळू काढून परत दर्याकच? पैसो जास्ती झालो काय तेंका?" झालाच आहे, पण वाळू टाकल्यावर पोरांना धावायला जागा झाली हेही खरं.

कोणी इकडे आलात तर गाडी भाड्याने घेण्याच्या भानगडीत पडू नका. नव्वदच्या दशकात इथला रेल्वेमार्ग खोल खणून रस्त्याखाली नेला, त्यामुळे फाटकं गेली. कडेने आता चालायला आणि सायकलला छान वाट आहे. स्टेशनातून फ्लेचर कोव्ह या किनाऱ्याला पायी दहा मिनिटं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक मात्र आधी बघा, कारण पूर्ण भरतीला भिंतींपुढे पाय ठेवायलाही पुळण उरत नाही. आणि सावली दिसली म्हणून कड्याच्या पायथ्याशी चटई अंथरू नका. तो कधी ढासळेल याचा नेम नाही. 2019 मध्ये शेजारच्या एन्सिनिटास गावात कडा कोसळून एकाच कुटुंबातल्या तिघीजणी गेल्या.