सोलापुरात घर बघायला निघण्याआधी

घर बघण्याआधी हातातला पैसा मोजा. ४० लाखांच्या फ्लॅटला बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ३२ लाख देते. उरलेले ८ लाख तुमचे. त्यावर मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. हे दोन्ही कर्जात धरत नाहीत, त्यामुळे पावणेअकरा लाख रोख तयार हवेत. बहुतेकांचा हिशोब इथेच चुकतो आणि इसार, म्हणजे सौदा ठरवताना दिलेली आगाऊ रक्कम, अडकतो.

मग कागद. हद्दवाढ भागात, म्हणजे शहराच्या हद्दीत नंतर आलेल्या भागात, गुंठेवारीचे (शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले) प्लॉट भरपूर आहेत. सातबारावर दहा-बारा जणांची नावं सामाईक असतील आणि बिगरशेती आदेश किंवा गुंठेवारी नियमितीकरण नसेल, तर बँक सहसा कर्ज देत नाही. भाव कितीही पडता असला तरी असा प्लॉट आम्ही कुणाला घेऊ देणार नाही. इसार देण्याआधी वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल, घ्याच. नवीन इमारत असेल तर महारेरा क्रमांक (राज्याच्या गृहनिर्माण नियामकाकडचा प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक) तपासा.

पाणी मात्र स्वतः जाऊन बघा. इथं नळाला रोज पाणी येत नाही. माणशी रोज १३५ लिटर धरले तर चौघांना चार दिवसांना २,१६० लिटर लागतात. जमिनीतल्या हौदाचं झाकण उघडायला लावा, लांबी-रुंदी-खोली फुटात मोजून गुणा. एका घनफुटात २८ लिटर बसतात. पाणी कुठल्या दिवशी, किती वाजता येतं, हे शेजारच्या काकूंना विचारा.