तुम्ही विचारलंत म्हणून: तो एक आकडा

‘पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित एकत्र शिकवलंत, फायदा किती झाला ते एका आकड्यात सांगा.’ दर बैठकीत हेच. मी आकडा देत नाही, आणि ही टाळाटाळ नव्हे.

आकडे आहेत. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ हेक यांनी १९९८ मध्ये सहा हजारांवर विद्यार्थ्यांच्या चाचण्या तपासल्या: जेवढी वाढ शक्य होती तिचा सरासरी ०.२३ भाग नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात मिळाला, मुलं स्वतः भाग घेतात अशा सहभागी पद्धतीच्या वर्गात ०.४८. पण त्या चाचण्या यांत्रिकीच्या, म्हणजे एकाच विषयातल्या. आपला दावा आहे की मुलं एका विषयातलं दुसऱ्यात वापरतात. तो मोजायला प्रश्नच वेगळा लागतो.

उदाहरणार्थ: जिवाणूला रक्ताभिसरण लागत नाही, आपल्याला का लागतं? विसरणाने, म्हणजे रेणू आपोआप पसरत, पोचायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. विसरणांक (रेणू किती झपाट्याने पसरतात तो आकडा) सेकंदाला ५०० चौरस मायक्रोमीटर धरा. एक मायक्रोमीटरला साधारण एक मिलिसेकंद, एक सेंटिमीटरला लाखभर सेकंद, म्हणजे दिवसाहून जास्त.

खरी अडचण तपासताना येते. ‘आतल्या पेशींना प्राणवायू वेळेवर पोचणार नाही’ एवढंच लिहिलं तर जीवशास्त्राचे प्राध्यापक चारपैकी तीन देतात, भौतिकशास्त्राचे शून्य. वेळ आणि अंतराचा वर्ग यांचं नातं मांडलं पण प्राणवायूचं नाव नाही, की नेमकं उलट. दोघांची सरासरी काढली की भांडण मिटतं आणि मोजमापही संपतं. म्हणून नियम, अंदाज, एककं आणि जैविक अर्थ यांना सुटे गुण ठेवायचे. आधी वीस उत्तरपत्रिका एकत्र बसून, वाद घालून तपासायच्या. मग नावं आणि तुकडी झाकून, जुन्या-नव्या अभ्यासक्रमाच्या सरमिसळ करून, स्वतंत्रपणे. ज्या निकषावर कॅपा (योगायोग वजा करून दोन परीक्षकांचं किती जुळतं ते माप) ०.६ च्या खाली राहतो, तो निकष पुन्हा लिहायचा. एवढं करूनही ‘यादृच्छिक चाल’ (रेणूंची दिशाहीन भटकंती) हा नव्या अभ्यासक्रमातला शब्द दिसला की परीक्षक तुकडी ओळखतो. त्यावर माझ्याकडे पक्का इलाज नाही.

शिवाय नव्या तुकडीत मुलं स्वतःहून येतात, बहुधा गणितात तयार असलेली. प्रवेशाच्या वेळचे गुण जुळवून तुलना करता येते; उत्साह जुळवता येत नाही. आणि दुसऱ्या सत्रात सोडून गेलेल्यांना मूळ गटातच मोजायला हवं. ते वगळले की निकाल आपोआप सुधारतो.

जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढा, हा माझा जुना हट्ट. ‘मुलांवर प्रयोग नकोत’ हे उत्तर मला तेव्हा पोकळ वाटायचं. आज त्यातली काळजी कळते, तरी हट्ट सुटलेला नाही: सोडत नसली तरी नवा अभ्यासक्रम हा प्रयोगच आहे, फक्त तुलनेला गट नसलेला.